एम्स पॉझिटिव्ह, उंदरात निगेटिव्ह: काळजी करायची की नाही?

प्रश्न रबाळ्याहून आला आहे. एका बल्क ड्रग कंपनीत (औषधांचे मूळ घटक बनवतात तिथे) क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, असलेली मुलगी लिहिते: ‘आमच्या एका इंटरमिजिएटच्या सेफ्टी डेटा शीटवर “एम्स टेस्ट पॉझिटिव्ह, माऊस मायक्रोन्यूक्लियस निगेटिव्ह” एवढंच आहे. ड्रमवर माणसाच्या छातीत चांदणी फुटल्यासारखं चित्र आहे. सीनिअर म्हणतात, बॅक्टेरियात आलं तरी उंदरात आलं नाही, म्हणजे विषय संपला. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालंय, घरात बाळाचं बोलणं सुरू आहे. मी काय समजू?’

विषय संपलेला नाही. पण झोप उडावी असंही त्या ओळीत काही नाही. इंटरमिजिएट म्हणजे औषध बनताना मधल्या पायरीवर तयार होणारं रसायन. एम्स ही त्याची बॅक्टेरियावरची चाचणी, मायक्रोन्यूक्लियस ही माऊसच्या हाडातल्या मज्जेतली. म्हणजे त्या ओळीत दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत आणि तुमच्या सीनिअरनी दुसऱ्या उत्तरानं पहिलं खोडून टाकलंय. ते तसं खोडता येत नाही. का, ते सविस्तर सांगते. गेली वीस वर्षं माझा दिवस असाच जातो: ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, घणसोलीला उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत एवढंच शोधायचं, की समोरचं रसायन डीएनएला धक्का लावतं की नाही.

आधी एम्स. साल्मोनेलाचे काही खास वाण असतात. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या त्यांच्या जनुकात आधीच एक बिघाड असतो, त्यामुळे बाहेरून हिस्टिडिन मिळालं नाही तर ते वाढत नाहीत. आपण त्यांना नाममात्र हिस्टिडिन असलेल्या प्लेटवर सोडतो आणि सोबत तपासायचं रसायन देतो. रसायनामुळे डीएनएत बदल होऊ लागले, तर कोट्यवधी पेशींपैकी काहींत तो जुना बिघाडच योगायोगानं दुरुस्त होतो. अशी एकेक पेशी वाढून प्लेटवर ठिपका बनते. ठिपके मोजायचे, न दिलेल्या प्लेटशी ताडून बघायचे. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी ही पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. आजही जगात कुठलंही नवं रसायन आलं की बहुतेक वेळा पहिली तपासणी हीच होते.

हे बॅक्टेरिया मुद्दाम दुबळे केलेले असतात, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांची डीएनए दुरुस्तीची एक यंत्रणा काढून टाकलेली असते आणि बाहेरचं आवरणही विरळ केलेलं असतं, म्हणजे मोठे रेणूसुद्धा आत शिरावेत. तुमच्या-माझ्या पेशी इतक्या उघड्या नसतात. शिवाय बॅक्टेरियाला यकृत नसतं, आणि बरीच रसायनं यकृतात गेल्यावरच घातक रूप घेतात. म्हणून रॅटचं यकृत बारीक करून ९००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ९००० पट जोरावर सेंट्रिफ्यूज करतात आणि वरचा द्रव वापरतात. त्याला एस९ म्हणतात. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून काढून बर्फात ठेवलेली ती कुपी उघडली की कच्च्या कलेजीचा वास येतो, तो आता माझ्या ओळखीचा झालाय. बेंझिडिनसारखी रंगधंद्यातली अमाइनं एस९ शिवाय प्लेटवर गप्प असतात, एस९ घातलं की बोलू लागतात. त्यामुळे तुमच्या शीटमागचा मूळ रिपोर्ट कधी हाती आला तर पहिल्यांदा हे बघा: पॉझिटिव्ह एस९ शिवाय आलंय की एस९ सोबत? एस९ शिवाय आलं असेल तर ते रसायन स्वतःच, थेट डीएनएला चिकटणारं असण्याची शक्यता जास्त. मग ते जिथे अंगाला लागेल तिथेच त्याचं काम सुरू होतं. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द किती काळजीनं लिहावा लागतो, ते मला माझ्या दुसऱ्या वर्षी कळलं. टीए१०० या वाणावर काहीही न देता शंभरेक ठिपके आपोआप येतात. टीए१५३५ वर दहा-पंधराच. साधारण दुप्पट झाले, टीए१५३५ सारख्या कमी ठिपक्यांच्या वाणांत तिप्पट झाले आणि डोसबरोबर चढत गेले, तर पॉझिटिव्ह म्हणायचं. मी एका नमुन्याच्या सर्वांत वरच्या डोसला तिप्पट आकडा मोजला आणि खुशीत वहीत लिहिला. आमच्या मॅडमनी काही न बोलता ती प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला बघायला लावली. चांगल्या प्लेटवर ठिपक्यांच्या मागे दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर असतो. त्या नाममात्र हिस्टिडिनवर सगळ्याच पेशी थोड्या थोड्या वाढतात, त्याचा तो थर. माझ्या प्लेटवर सायच नव्हती. डोस इतका विषारी होता की बहुतेक पेशी मेल्या होत्या आणि उरलेल्या थोड्यांना सगळ्यांच्या वाटचं हिस्टिडिन मिळून त्यांचे टाचणीच्या टोकाएवढे पुंजके झाले होते. मी ते पुंजके ठिपके म्हणून मोजले होते. त्यातले वीस उचलून हिस्टिडिन अजिबात नसलेल्या प्लेटवर लावले. एकही उगवला नाही. एका कंपनीचं रसायन माझ्या वहीत दोन दिवस म्युटाजेन, म्हणजे डीएनएत बदल घडवणारं, होतं, केवळ मी साय बघितली नाही म्हणून.

आता मायक्रोन्यूक्लियस. माऊसला रसायन देतात, बहुधा तोंडावाटे, आणि एक-दोन दिवसांनी मांडीच्या हाडातली मज्जा काढून तिची स्लाइड करतात. लाल पेशी पक्व होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. त्याआधी एखादं गुणसूत्र तुटलं असेल किंवा विभाजनात मागे राहिलं असेल, तर तो तुकडा पेशीतच पडून राहतो. तोच मायक्रोन्यूक्लियस. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज घातलं की कोवळ्या पेशी केशरी चमकतात आणि त्यातला तो तुकडा हिरवट-पिवळ्या टिकलीसारखा दिसतो. निरोगी प्राण्यात हजार पेशींत अशा दोन-तीन टिकल्या सापडतात. एका प्राण्यामागे किमान ४००० पेशी बघायच्या, आणि कुठल्या प्राण्याला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नसतं. डोळे शिणतात, पण हे काम मला आवडतं. सगळा अंधार, त्यात केशरी गोल, आणि मग एकदम ती टिकली.

टिकल्या वाढल्या नाहीत की निगेटिव्ह. पण हे उत्तर मज्जेपुरतं आहे. रसायन मज्जेपर्यंत पोचलंच नसेल, तर मज्जा स्वच्छच दिसणार! म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये मज्जेत पोचल्याचा काहीतरी पुरावा असतो. डोस दिलेल्या प्राण्यांत कोवळ्या पेशींचं प्रमाण घटलेलं दिसतं, किंवा रक्तात रसायन मोजून दाखवलेलं असतं. तसा पुरावा नसेल तर ‘उंदरात निगेटिव्ह’ या शब्दांना फारसं वजन नाही. मी तुमच्या जागी असते तर सीनिअरना हेच विचारलं असतं, वाद न घालता: सर, मज्जेत पोचलं होतं का?

तुमच्याच धंद्यातलं एक उदाहरण देते, कारण ते एका रिअ‍ॅक्टरमध्ये घडलं आणि त्यात तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. २०१८ साली वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आणि जगभर साठे परत मागवावे लागले. वाल्सार्टनमध्ये टेट्राझोलचं कडं असतं. ते जोडायला सोडियम अझाइड लागतं. उरलेलं अझाइड संपवायला सोडियम नायट्राइट घालत होते, आणि विद्रावक म्हणून डीएमएफ होतं. डीएमएफमधून डायमिथाइल अमाइन सुटलं, त्याची नायट्राइटशी गाठ पडली आणि एनडीएमए तयार झालं.

आता सोडियम अझाइड घ्या. एम्समध्ये ते इतकं खणखणीत पॉझिटिव्ह येतं, की टीए१०० आणि टीए१५३५ साठी आम्ही तेच पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, टेस्ट नीट चालतेय हे पडताळायला, वापरतो. पण रॅटवरच्या दीर्घ अभ्यासात त्यानं कर्करोग वाढलेला दिसला नाही. कारण असं की बॅक्टेरियाच आपल्या एका एन्झाइमनं त्याच्यापासून अझिडोअ‍ॅलॅनिन बनवतात, आणि डीएनएवर परिणाम होतो तो त्यातून. ही वाट आपल्या पेशींत तशी चालत नाही. (अझाइड जीवघेणं विष आहे ते आहेच, हाताळताना त्याची भीती बाळगायलाच हवी. इथे बोलतेय ते फक्त जनुकीय इजेबद्दल.)

आणि एनडीएमए? तेही एम्स पॉझिटिव्ह. माऊसच्या मज्जेतल्या मायक्रोन्यूक्लियसमध्ये ते बहुतेक वेळा निगेटिव्ह येतं. म्हणजे तुमच्या शीटवरची ओळ जशीच्या तशी एनडीएमएच्या शीटवर लिहिता आली असती. पण एनडीएमए हे प्राण्यांत यकृताचा कर्करोग करणारं अत्यंत जोरकस रसायन आहे. त्याचं घातक रूप यकृतात तयार होतं आणि तिथेच डीएनएला चिकटून संपतं, मज्जेपर्यंत टिकत नाही. यकृताच्या पेशी घेऊन कॉमेट टेस्ट केली की लगेच दिसतं. त्यात एकेक पेशी जेलमध्ये बसवून विजेचा प्रवाह सोडतात. तुटलेला डीएनए ओढला जातो आणि पेशीला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. मज्जा बघणाऱ्याला जे दिसलं नाही ते इथे शेपटीत दिसतं.

एकाच रिअ‍ॅक्टरमधली दोन रसायनं, दोन्ही एम्स पॉझिटिव्ह, आणि एक इकडे तर दुसरं तिकडे. तुमचं इंटरमिजिएट यांतल्या कुणासारखं आहे, ते त्या एका ओळीवरून ना मला सांगता येईल, ना तुमच्या सीनिअरना. रचना बघितली तर थोडा अंदाज बांधता येतो. रेणूत अल्काइल क्लोराइड किंवा ब्रोमाइड, इपॉक्साइड, सल्फोनेट एस्टर असं काही असेल तर ते थेट चिकटणारं समजा. इंटरमिजिएटमध्ये हे गट बऱ्याचदा असतात, कारण पुढच्या पायरीत त्यांनी कशाला तरी चिकटावं म्हणूनच ते तिथे ठेवलेले असतात. अशा रेणूला फ्लास्कमधला अमाइन आणि तुमच्या नाकाच्या अस्तरातला डीएनए यातला फरक कळत नाही. तोंडावाटे दिलं तर ते जठरात आणि यकृतातच खर्ची पडतं आणि मज्जा निगेटिव्ह येते. पण तुम्ही ते तोंडावाटे घेत नाही. तुम्हाला ते लागेल ते बोटांना, मनगटाला, श्वासातून. डायमिथाइल सल्फेटचं बघा. रॅटनी ते हुंगलं तेव्हा गाठी झाल्या त्या नाकात, म्हणजे ते पहिल्यांदा जिथे लागलं तिथेच.

याच्या उलटही होतं, तेही दोन ओळींत सांगून ठेवते. एम्स निगेटिव्ह म्हणजे निर्धोक असं नाही. बेंझिन एम्समध्ये निगेटिव्ह येतं, पण गुणसूत्रं तोडतं आणि त्यानं माणसाला रक्ताचा कर्करोग होतो. आपल्या बाल्कनीतल्या सदाफुलीत मिळणारं विन्क्रिस्टिन डीएनएला हातही लावत नाही. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे दोरे तेवढे अडवतं. एम्सला ते सापडत नाही, मायक्रोन्यूक्लियसला सापडतं. म्हणून तर एकाच टेस्टवर कुणी थांबत नाही.

आता बाळाचं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून ज्याबद्दल खात्री आहे तेवढंच सांगते. ड्रमवरचं ते चित्र बऱ्याच धोक्यांसाठी असतं. त्याखालचं वाक्य वाचा. ‘आनुवंशिक दोष निर्माण करू शकते’ आणि ‘आनुवंशिक दोष निर्माण करत असल्याचा संशय आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दोन्ही प्रामुख्यानं प्राण्यांच्या आणि पेशींच्या प्रयोगांवरून ठरतात. आईबापाला एखादं रसायन लागलं आणि त्यामुळे झालेला जनुकीय बदल मुलात उतरला, हे माणसांत कुठल्याही रसायनाबाबत आजवर ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा कित्येक दशकं अभ्यास झाला, त्यातही आनुवंशिक दोषांची स्पष्ट वाढ आढळली नाही. प्राण्यांत मात्र अशी रसायनं आहेत, त्यामुळे नियम कडक ठेवलेत आणि ते तसेच असावेत. तुमच्या हातून आजवर हे रसायन जे हाताळलं गेलं असेल त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका.

गर्भ राहिल्यानंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा प्रश्न फक्त म्युटेशनचा नसतो, वाढणाऱ्या गर्भाला होणाऱ्या इजेचा असतो, आणि त्याबद्दल एम्स किंवा मायक्रोन्यूक्लियस काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळे अभ्यास असतात आणि बऱ्याच इंटरमिजिएटवर ते झालेलेच नसतात. म्हणून बाळाचं नक्की केलंत की आधीच, दिवस जाण्याची वाट न बघता, कंपनीच्या डॉक्टरांना आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना शीट दाखवा आणि काम बदलून मागा. पहिल्या काही आठवड्यांत बाईला स्वतःलाच माहीत नसतं, आणि अवयव तर तेव्हाच घडत असतात. नवराही अशाच कामावर असेल तर त्यालाही हे लागू आहे. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेवढा काळ त्यानंही आधी लांब राहिलेलं बरं.

किती रसायन लागलं तर काळजी करायची, याचा एक आकडा तुमच्या धंद्यात रोज वापरतात. औषधातल्या म्युटाजेनिक अशुद्धीची जन्मभर रोज घेतली तरी चालेल अशी मर्यादा सर्वसाधारणपणे १.५ मायक्रोग्रॅम धरतात. एनडीएमएसारख्या जोरकस रसायनांना ती याहून बरीच खाली, ९६ नॅनोग्रॅम आहे. त्या १.५ मायक्रोग्रॅमच्या कल्पनेचं नाव टीटीसी, आणि आपण ज्या पट्ट्यात नोकरी करतो त्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्राचंही नाव टीटीसी. प्रशिक्षणात मी दोन्ही एकाखाली एक फळ्यावर लिहिते, म्हणजे मुलांच्या लक्षात राहतं. मिठाचा एक बारीक कण ५०-६० मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे ती मर्यादा त्या कणाच्या चाळिसाव्या भागाएवढी. तुम्ही तर वजन करता ग्रॅममध्ये.

एकदा आम्ही नव्या मुलांना इंटरमिजिएटऐवजी राइबोफ्लेविनची पूड दिली. उघड्या बॅलन्सवर नेहमीसारखं वजन करा, लेबल लावा, नोंद करा, असं सांगितलं. मग जिथे जिथे त्यांचा हात गेला असेल ते ते ओल्या कापसानं पुसलं आणि बोळे यूव्ही दिव्याखाली धरले. बॅलन्सची काच पिवळी-हिरवी चमकली, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण पेन चमकलं, लॉगबुकचं पान चमकलं, दाराची मूठ चमकली, आणि एका मुलाच्या मोबाइलची मागची बाजू चमकली. त्यानं ग्लव्ह्ज घातलेल्या हातानं फोन खिशातून काढून वेळ बघितली होती. जेवताना तोच फोन ताटाशेजारी असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे वजनाच्या खोलीत फोन नेत नाहीत. कुणाला ओरडावं लागलं नाही.

तेव्हा उद्यापासून एवढं करा. शीटचा दुसरा, आठवा आणि अकरावा भाग नीट वाचा: धोका, बचाव आणि विषशास्त्र. ईएचएसकडे, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा आणि आरोग्य विभागाकडे, लेखी मागणी करा, की एम्स कुठल्या वाणांत आणि एस९ सोबत की शिवाय पॉझिटिव्ह आलं, मायक्रोन्यूक्लियस कुठल्या मार्गानं आणि किती डोसला केलं, मज्जेत पोचल्याचा पुरावा काय, हे सांगावं. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला ही माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं, त्यामुळे मागताना संकोच नको. वजन बंद, हवा ओढणाऱ्या कपाटातच करा. ग्लव्ह्ज कुठले हे विचारून घ्या, कारण काही विद्रावक नायट्राइलमधून मिनिटांत पार होतात. ते डागाळले की लगेच बदला, आणि काढल्यावर हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं रसायन जात नाही, पसरतं.

आणि तुमचं काम बदललं तर ते वजन शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे जाईल. तिच्याही शीटवर हीच ओळ असेल. कपाट दोघींसाठी मागा. रिपोर्टमधले तक्ते मिळाले की कंपनीचं आणि रसायनाचं नाव झाकून मला दाखवा. टीए१०० च्या रकान्यात एस९ शिवायचे आकडे काय आहेत आणि मज्जेतल्या कोवळ्या पेशींचं प्रमाण किती घटलंय, हे बघून मी याहून नेमकं सांगू शकेन.